दुसरी किल्ली

नाही, मशीन बिघडलेलं नाही — मी बंद केलंय. किल्ली साधीच आहे, पितळी, पाच दाते, दोन मिनिटांचं काम. पण तुम्ही मघापासून सारखं घड्याळ बघताय — चोराच्या मनात चांदणं — म्हणून विचारलं, खोली कुणाची. मैत्रिणीची. बरं, आणि मैत्रीण कुठाय? पोहायला. म्हणजे ती पाण्यात, तिची बॅग सांभाळायला तुमच्याकडे, आणि बॅगेतली किल्ली माझ्या काउंटरवर — छान सांभाळलीत.

वाढदिवसाचं सरप्राइज, हो, ऐकलं. फुगे लावायचेत. लावा की, पण फुगे एक दिवसाचे आणि किल्ली कायमची, दादा, फुगे फुटल्यावर ती कुठे ठेवणार — खिशातच ना? मालकांना बोलावू म्हणता? बोलवा. मीच मालक. पाटीवर बाबांचं नाव आहे, पण ते गेले, आता कानस माझ्या हातात. ते म्हणायचे, आधी गिऱ्हाइकाचा चेहरा बघ, मग किल्लीचे दाते.

काय? तुमच्यात लपवाछपवी नाही? मग सोपंय — तलावाच्या काठावर उभे राहा आणि विचारा तिला, दुसरी किल्ली करून घेऊ का. बोला की. 'ती नको म्हणेल.' बघा, उत्तर तुमच्याकडे आहेच, ते ऐकायचं नाही म्हणून तर माझ्याकडे आलात.

हसू नका. प्रेम मलाही कळतं. मीही केली होती अशी एक — वायरमन होता माझा, दुपारी इथेच डबा खायला यायचा, किल्ल्यांचा जुडगा इथे ठेवून हात धुवायला जायचा. तो हात पुसेपर्यंत माझी किल्ली तयार. आणि वापरली एकदाच. दोनदा. बरं, चारदा, तुम्हाला काय करायचंय? वाईट काय केलं मी — फोन उचलत नव्हता म्हणून गेले, भांडी घासली, शर्ट इस्त्री करून टांगले. खिसे पाहिले, हो, पण इस्त्रीआधी खिसे रिकामे करावेच लागतात ना.

चौथ्या वेळी तो लवकर आला. ओरडला नाही. दारातच उभा राहिला, स्वतःच्या खोलीत पाय टाकायला भ्यायल्यासारखा. 'मागितली असतीस तर दिली असती,' एवढंच म्हणाला, आणि दुसऱ्या दिवशी कुलूप बदललं. कुणाकडून? या बाजारात माझ्यासारखं कुलूप कुणी बसवत नाही, त्याला ठाऊक होतं — तरी पार गावाच्या दुसऱ्या टोकाला गेला, दुसऱ्या माणसाकडे. मी बघून आले ना, जिन्यात उभी राहून. वाकडं बसवलंय, एक ठोका मारला तर उघडेल. नाही मारला. आणि कधी मारणारही नाही, काय समजलात?

तेव्हा मला पटवू नका. पलीकडच्या गल्लीत एकजण काही न विचारता करून देईल, जायचं तर जा, पण मी नाही करणार, दुकान बंद पडलं तरी. ही घ्या. ती पाण्याबाहेर यायला अजून वीस मिनिटं आहेत म्हणालात ना. बॅगेत गुपचूप सारू नका, तिच्या हातात द्या, आणि कुठे नेली होती ते सांगा. चिडेल. चिडू दे, किल्ली तिची आहे. सरका जरा — या काकू, काय अडकलंय?