ओल्या चामड्याला घाई चालत न्हाई

न्हाई न्हाई, खांद्याला लावू नको गं ती बॅग, ओली हाय अजून — पांढरा ड्रेस घातलायस तू, तांबडा डाग पडला तर दवाखान्यात काय म्हणतील, नवी नर्स पान खाऊन आली का काय? बस. बस म्हणते ना पोरी. ही बुरशी बघ की — पट्ट्याच्या खाली, चेनीच्या कडंनं, पांढरी-हिरवी नुसती, शिळ्या भाकरीला येती तशी. अशी घेऊन बसमध्ये बसलीस तर शेजारची बाई उठून उभारंल. व्हय, बस चुकंल, माहिताय. एक चुकली तर दुसरी येत्याय, मन्नाएखेळ्ळीच्या फाट्यावर बसला काय तोटा हाय का? अन् गुलबर्गा कुठं पळून जायलंय? — दुपारच्या आत हजर न्हाई झालीस तर ती जागा दुसरीला देतेत, हे बी माहिताय माय, काल चुलीपाशी तूच सांगितलंस, मी काय बहिरी हाय का? पर सासू म्हणून माझं बी काही हाय का न्हाई? अंबुबाईची सून पहिल्या दिवशी कामाला जायली अन् खांद्याला बुरशी! प्रतीक्षाला कोण नावं ठेवंल? मलाच ठेवतील.

हे बघ, तूच शिकवलंस मला. आधी कोरडं फडकं, ते बी अंगणात — घरात झटकलं की बुरशी उडून दुसऱ्या कापडावर बसती. मग शिरका — तुझं ते व्हिनेगर — अन् पाणी निम्मं-निम्मं, फडकं असं पिळायचं की थेंब पडू ने, नुसतं गार लागावं हाताला. दाबून घासायचं न्हाई, रंग निघतो. पुसलं की सावलीला, वारा लागंल असं — उन्हात ठेवलं की चामडं तडकतंय, चुलीपाशी ठेवलं की आकसतंय. मग ती तुझ्या डबीतली क्रीम, लेकराच्या टाळूला तेल लावावं तशी, बोटानं गोल-गोल, अन् पुन्हा थांबायचं, चामडं प्यालं का न्हाई बघायचं. बघ, कशी पाठ हाय मला! ओल्या चामड्याला घाई चालत न्हाई, हे तुझंच बोलणं — आता तूच घाई करायलीस, मग मी कुणाचं ऐकावं?

हा कोपरा अजून काळाच हाय बघ. माझ्या तेलाचा. आठवतंय? माझा बाप मेंढरामागं हिंडायचा, वहाणांला करडीचं तेल पाजायचा — रातभर पाजलं की सकाळी लोण्यावानी मऊ. तेच माझ्या डोस्क्यात. पारसाली तू माहेरी गेलतीस, मी म्हणलं सुनबाईची बॅग वाळून कडक झालीय, पाजावं तेल. वाटीभर पाजलं! झालं — काळा डाग, डागावर चिकट, चिकटावर धूळ, अन् त्यावर माश्या. तू आलीस तवा मी दाराआड उभी, म्हणलं आता ही भांडती. अन् तू पोट धरून हसलीस. म्हणलीस, आत्या, वहाणंला कोण खांद्यावर घेतंय? मग पावडर भुरभुरून, फडक्यानं टिपून टिपून तेल ओढून काढलो दोघी. ती बॅग तू लगीन व्हायच्या आधी, तिथं गुलबर्ग्यात नोकरीला असताना घेतलेली, तुझ्या कमाईची — अन् मी तिचं वाटोळं केलेलं — अन् तू हसलीस. माझी सासू असती तर मुसळ घेऊन धावली असती माझ्यावर.

च्या टाकू का घोटभर? — न्हाई? बरं, न्हाई तर न्हाई. उगं घड्याळाकडं बघू नको, घड्याळाकडं बघून चामडं वाळत न्हाई. तुझं सगळं बाजंवर काढून ठेवलंय, काही हलवलं न्हाई: कंगवा, रुमाल, ते कानाला लावायचं नळीचं यंत्र, सर्टिफिकिटाची फाईल. आतलं अस्तर बी पुसून घेते की, आतनंच जास्त वास मारतंय. अन् हे बघ, अनिलचं बी मला कळतं. वाईट न्हाई माझा पोरगा. चिटगुप्प्याच्या दुकानात लोक बोलतेत त्याला — बायको रात्रपाळीला गेली की नवरा घरी भाकरी थापणार का म्हणून. नाकापेक्षा मोती जड नको, म्हणतो. मी म्हणते, मग नाक मोठं कर की! — म्हणते म्हणजे, मनात. तोंडानं कुठं म्हणते. तोंडानं म्हणायची सोय हाय का या घरात? आपलीच मोरी अन् मुतायची चोरी.

— काय म्हणलीस? बुरशी कशी आली? पावसाळा हाय बाई, भिंतीला ओल, जमिनीला ओल, देव्हाऱ्यातल्या वातीला बी ओल येती. त्यात जवारीच्या पोत्याखाली दाबून ठेवल्यावर बुरशी न्हाई येणार तर काय मोगरा येणार — म्हणजे — उंदरं ओढून नेतेत की कधी कधी. पट्टा धरून. ह्या एवढाल्या घुशी झाल्यात घरात —

असं बघू नको माझ्याकडं. उंदीर न्हाई. मीच ठेवली. तुला ते दवाखान्यातनं फोन यायला लागले, तू परसात जाऊन हळू आवाजात बोलायला लागलीस, तवा ठेवली. अन् तू घरभर धुंडायचीस तर मी बी तुझ्यासंगं धुंडायचे — बाजंखाली वाकून, माळ्यावर चढून — गेली कुठं मेली म्हणून! एवढं ढोंग आयुष्यात केलं न्हाई मी. काल तू चुलीपाशी म्हणलीस, आत्या, मी उद्या निघते, ह्यांना पोचल्यावर कळवते, तुम्हालाच तेवढं सांगायले — तवा लाज वाटली, म्हणून सकाळी काढून आणली. कामून ठेवली म्हणतीस? ती खुंटीला दिसली की मी तोंड फिरवायचे. वाटायचं, आता ही उठती, खांद्याला लावती अन् जाती. तुला काय, तुझं शिक्षण हाय, तुझ्या हाताला लोक हात जोडतेत. मला कोण हाय गं? तुझे मामा, आमचे घरधनी — देवमाणूस, पर दिवसभरात दोन शब्द बोलले तर एक बैलाला असतो. अनिल बोलतो ते हुकूम सोडल्यावानी. तू आलीस तवा मला कळलं की मी बी हसू शकते. आठवडी बाजारात तू माझा हात धरून चालतीस, तर बाया इचारतेत लेक का? मी न्हाई म्हणत न्हाई त्यांना. आता खरं सांगितलं. तू गेलीस की मी मरून जाईन असं न्हाई, मरत कोण न्हाई. पर घर खायला उठंल मला.

म्हणून म्हणते, थोडं थांब. पट्टा वाळू दे, क्रीम लावू दे, तवर अनिल बी येतोच हाय, दोघं बसून गोडीनं —

काय? — न्हाई, म्हणजे असाच यायला असंल. दुपारच्या जेवणाला. रोज न्हाई येत, खरं हाय. पर आज — मला काय माहीत त्याला कोण सांगितलं! गुरप्पा सांगितला असंल. तुझा मामेसासरा म्हणजे गावभरच्या चहाड्यांचं पोतं, त्यानंच कुठं बघितलं असंल तुला, कपडे भरताना — घरात कसं बघंल, व्हय. घरात कसं बघंल.

मी केला फोन. बस ना. बस, उठू नको अशी, शिरका सांडला बघ. तू न्हायला गेलीस तवा केला. मला वाटलं, नवरा हाय, येईल, चार शब्द बोलंल, तुझा हात धरंल, म्हणंल नको जाऊ — अन् तू राहशील. लग्न झालेल्या बाईला आणखी काय पायजे, असं वाटलं मला. येडी हाय मी. तो कसा वराडला गं फोनवर! म्हणला, धरून ठिव तिला, दाराला कडी लाव, मी यायलोय, गुरप्पामामाला बी जीप घेऊन आणायलोय. तिची सर्टिफिकिटं चुलीत घालतो, म्हणला, मग बघू कुठल्या दवाखान्यात जाती. चुलीत! तू चार साल घासून आणलेला कागद, अन् माझ्या चुलीत! मी म्हणलं, आरं, तसं नको करू, तर म्हणला, तू मध्ये बोलू नको. अन् आणखी बी एक म्हणला, ते मी तुला सांगत न्हाई. — सांगते. म्हणला, एकदा नीट हात चालवला असता तर ही वेळ आली नसती.

नीट! म्हणजे आतापर्यंत चाललाय तो नीट न्हाई व्हय? तू म्हणलीस दारावर आपटले, अन् मी तुझ्या दंडाला हळद लावली. मी बी म्हणलं, व्हय, दार लई वाईट हाय ते. शेजारच्या राजूबाईला बी तेच सांगितलं. दाराला पाच बोटं असतेत का? मला काय दिसत नव्हतं? मीच बोटानं हळद लावायले अन् माझ्या बोटाखाली माझ्याच पोराची बोटं. अन् तरी आज सकाळी मी फोन उचलला अन् त्यालाच लावला. तुला ठेवून घ्यायला. माझ्यासंगं बोलायला कुणी असावं म्हणून तुला त्याच्या हातात द्यायला निघाले.

तू रडंनास कामून गं? रड की. शिव्या दे मला. नुसतं त्या फाईलकडं काय बघायलीस —

उठ. व्हय, आता उठच म्हणते. ती फाईल आण इकडं, आधी फाईल. ह्या बॅगेत नको, आत ओल हाय, कागद फुगतेत — थांब, ही कापडी पिशवी घे, त्यात फाईल घाल, अन् ती पोटाशी धर, कुणी मागितली तरी द्यायची न्हाई. बाकीचं बॅगेत कोंब. कंगवा राहू दे मेला! क्रीमची डबी टाकली का? तिथं गेल्यावर लाव, पंख्याखाली ठिव, मग लाव. मऊ कापड भर आत, म्हणजे आकार जाणार न्हाई — आता हे मी तुला सांगायले! ओली तर ओली. डाग पडला ड्रेसला तर पडू दे. पुढच्या दारानं न्हाई, इकडं — परसातनं. राजूबाईच्या कुडाला फट हाय, तिथनं निघ, ती काही इचारणार न्हाई, तिला दाराचं आधीच कळलेलं हाय. फाट्यावर उभारू नको, तो तिथनंच वळणार. ओढ्याच्या कडंनं पुढच्या थांब्याला जा, टमटम दिसली की बस, हुमनाबादपर्यंत तोंडावर ओढणी घे. पाया नको पडू — अगं पाया कसल्या पडतीस आत्ता!

श्श. फोन वाजायलाय. त्याचाच हाय. न्हाई उचलला तर गाडी जोरात मारंल. गप उभार तिथं, श्वास बी घेऊ नको.

— हां, बोल रं अनिल... व्हय, हाय की. हाय माझ्यासमोर... न्हाई रं, रडत न्हाई, गुमान बसलीय. बॅग पुसायलाव दोघी... कडी लावली, व्हय... फाईल बी हितंच हाय, बाजंवर, मी बसलेय ना तिच्यावर हात ठेवून... कुठं पोचलास? जीप बंद पडली? गुरप्पाला म्हणावं हाटेलात काही खाऊन घे, उपाशी माणसाचं डोस्कं तापतंय. तू बी खा. सावकास या. इथं काय आग लागली न्हाई... तिला द्यायला फोन? ती — ती बोलायला तयार न्हाई रं तुझ्यासंगं. ये तू, ये, मग बोल समोरासमोर... ठेवते.

देवा. लेकराशी खोटं बोलले मी.

— अगं, अजून उंबऱ्यातच? ... मला? मला काय करंल? आई हाय मी त्याची. अन् केलं काही तर हळद कुठल्या डब्यात हाय मला माहिताय. चल, चल, माझ्या तोंडाकडं बघत उभारू नको अशी, त्या बघण्यानंच माझा जीव अडकतो. जा म्हणते ना, प्रतीक्षा. माझं मन फिरायच्या आत जा.