पाणबुडीले पाजली खळ

हसू नका वं, आधीच सांगून ठेवतो! अजून मी तोंड उघडलं नाही न ते मागची बाई पदर तोंडाले लावून राहिली... काय ऐकलं तू? सुनेनं, सरितानं सांगितलं असंन! अवं, साऱ्या हुडकेश्वरात पसरली हे गोष्ट. म्हणून म्हटलं, उलटीसुलटी ऐकण्यापेक्षा मीच सरळ सांगून टाकतो. पण "मी असं केलं, मी तसं केलं" म्हणायले जीभ रेटत नाही न माझी. तुम्हाले सांगतो, लाज वाटते! म्हणून मी ते दुसऱ्याच बाईची करून सांगतो. एवढी सवलत बुढीले द्या.

तं हुडकेश्वरच्या शेवटल्या गल्लीत, जिथं डांबर संपते न नाली सुरू होते, तिथं राहे धोंडबा विणकर, त्याची बायको तुळसाबाई, त्यायची सून सरिता न नात रुचिका. लेक पंकज कोराडीले पाळीवर, तो या गोष्टीत येत नाही, तो ड्युटीवर हाय. माग कधीचाच मोडीत गेला होता. पण तुळसाबाईच्या हाताले ते सांगेन कोण? चाळीस वर्षं त्या बाईनं मागाच्या कांड्यांवर सूत भरलं, सुताले खळ पाजली. खळ म्हणजे पिठाची पातळ पेज, ते पाजल्याशिवाय सूत मागावर टिकत नाही, तटातटा तुटते. त्यामुळं कोरं सूत दिसलं की हात शिवशिवे माझा... माझा नाही वं, तुळसाबाईचा!

आता हे रुचिका शिके पॉलिटेक्निकात, शेवटलं वरीस, परीक्षेले काहीतरी बनवून दाखवाचं असते. बाकीच्या पोरींनी काय बनवलं? कोणी घंटी, कोणी दिवा. आमच्या... त्यायच्या रुचिकानं काय बनवलं? पाणबुडी! हातभर लांब, पिवळ्या पाइपची, काठावरून रिमोटनं चालणारी, न नाकावर बटनाएवढा कॅमेरा. विहिरीच्या, टाकीच्या तळाले काय हाय ते पाहाले. पण चाले कशी? तुम्हाले सांगतो, गोगलगाय बरी! खेळण्यातल्या मोटारीची मोटर बसवली होती न तिले. धोंडबा अंगणातल्या टाक्याजवळ खुर्ची टाकून म्हणे, "रुचिका, हे पाणबुडी त्या टोकाले पोचेन तेव्हा मले जेवाले उठवजो."

धम्मानंद सरांनी पाहिली. मोठे शिस्तीचे सर. ते म्हणाले, "बेटा, कॉलेजची टाकी तीस फूट लांब हाय. पाण्याखालून जाऊन परत आली पाहिजे. मोटर बदल. नाही आली तं मी पास करणार नाही, पुढच्या वर्षी भेटू." न परीक्षेच्याच दिवशी टाक्या-पाइप तपासणाऱ्या कंपनीचे गणपतराव येणार होते मनीषनगरहून, कामाले पोरं निवडाले. म्हणजे पाहा, पोरीचं वरीस न पोरीची नोकरी, दोन्ही त्या हातभर पाइपात!

मंग रुचिकानं नवी मोटर आणली. तळहाताएवढी! जुनीपेक्षा तिप्पट जड, म्हणून पाणबुडी शेपटावर बसाले लागली, तं पोरीनं नाकात नटबोल्ट भरून वजन सारखं केलं. डोकं पाहा पोरीचं! पण नव्या मोटरची दांडी जाड, म्हणून मागचं भोकही मोठं करावं लागलं. न भोक मोठं झालं की पाणी येते. त्याले रबराची काळी रिंग लागते, दांडीभोवती घट्ट बसणारी. पोरीनं ते मागवली, बसवली, ग्रीस लावलं न बादलीत अर्धा घंटा बुडवली. एक थेंब आला. एकच! रुचिका म्हणे, "आजी, नवी रिंग हाय, ग्रीस मुरलं की तेही थांबते." न गेली फाइल छापाले.

इथं... थांबा, पाणी द्या थोडं... इथं तुळसाबाईची अक्कल चरायले गेली.

ते बाई त्या थेंबाकडे पाहत बसली. थेंब म्हणजे काय? आज थेंब, उद्या घागर! तिनं माहेरी विहिरीवरचा पंप पाहिला होता न, त्याच्या दांडीभोवती मिस्त्री दोरी गुंडाळे, न पाणी बंद! मंग सुताचं काम मिस्त्रीले जास्त समजते का तुळसाबाईले? घेतला पेचकस, खोलले चार स्क्रू, काढली ते रबराची रिंग... हो वं, काढली! मले काय समजे ते... तुळसाबाईले काय समजे ते! न संदुकीतलं बारीक सूत काढून असी सुंदर दोरी वळली, असी गोल, असी घट्ट, का पाहत राहावं. पण कोरं सूत बसवाचं? अवं, आमच्या घराण्यात कोरं सूत कोणी मागावर चढवलं नाही, मंग पाणबुडीवर कसं चढवाचं? टाकली मैद्याची पेज चुलीवर! दोरीले तीन हात खळ पाजली, उन्हात वाळवली, लाकडासारखी कडक झाली. बसवली. बादलीत बुडवून शंभर मोजले, थेंब नाही! दुसऱ्यांदा शंभर मोजले, थेंब नाही! रबराची रिंग पदराच्या गाठीत बांधली न कोणाले काही बोलली नाही. काहून? पोरगी पास झाली की मंग सांगाचं होतं न! मोठेपणा पाहिजे होता बुढीले!

आता तुम्ही म्हणाल, तुळसाबाईले एवढं समजू नाही? तेच तं! तुम्हाले सांगतो, लाज वाटते ते याचीच! साऱ्या जिंदगीत लुगडं विकत देताना हेच बाई गिऱ्हाइकाले सांगे, "बाई, आता कडक लागते, पण पाण्यात घातलं की खळ निघून जाते, मऊ होते." हजार बायांले सांगितलं! अन् पाणबुडीले कुठं घालाचं होतं? चुलीत?

आला दिवस. निघाली सारी वरात ऑटोनं. तुळसाबाई स्वतःच्या हाताच्या कांड्यांचं जांभळं लुगडं नेसून पुढं. कॉलेजची ते टाकी पाहिली, तं उन्हाळ्या-पावसाळ्यात सदा अर्धी. चपराशी सांगे, "काय माहीत कुठून गळते बाप्पा, तीन वर्षं झाली, दर दोन दिवसांनी भरावं लागते." न डासांसाठी सोडलेले गप्पी मासे, हजारभर! काठावर धम्मानंद सर, ते गणपतराव चष्मा पुसत, न पोरीचे सारे दोस्त.

सोडली पाणबुडी. अन् काय पळाली! सूऽऽऽ करून! धोंडबा उभाच राहिला, "जेवण काय गा, चहाही नाही होत इतक्यात!" तुळसाबाईची छाती असी फुगली... पोचली त्या टोकाच्या कोपऱ्यापर्यंत, वळली... न मागून पांढरं निघायले लागलं. दुधासारखं! आधी रेघ, मंग धार. गप्पी मासे आले, दहा आले, शंभर आले, साऱ्या टाकीतले मासे तिच्या मागं पंगतीले बसल्यासारखे! मैदा होता न बाप्पा तो! मंग शेपूट खाली, नाक वर, बुडबुड बुडबुड... बसली तळाले, तिकडच्या कोपऱ्यात.

सारे काठावरून वाकले.

सर म्हणाले, "रुचिका, रबराचं सील बसवलं होतं का?" पोरगी म्हणे, "हो सर. मी स्वतः बसवलं." सर म्हणाले, "बसवलं असतं तं पाणी आलं नसतं. एक तं निष्काळजीपणा, न वरून खोटं बोलून राहिली?" पोरीनं मान खाली घातली. सरिता, पोरीची सख्खी माय, ते म्हणते, "किती सांगितलं, घाई करू नको म्हणून!" पोरीच्या हनुवटीवरून एक थेंब पडला. एकच...

न तुळसाबाई? तुळसाबाई चूप! जे बाई बसमध्ये अनोळखी माणसाले आपल्या ऑपरेशनची गोष्ट सांगते, ते चूप! पदराची गाठ मुठीत धरून, जसी चोरी करून आली. गणपतराव घड्याळ पाहून राहिले, निघाचं पाहून राहिले, न हे आपली लुगड्याचे काठ मोजून राहिली. तुम्हाले सांगतो, पाणबुडीचं सोडा, त्या पाच मिनिटांची लाज अजून जात नाही. दुसऱ्याचं काय, नातीचं वरीस बुडून राहिलं, अन् मी चूप?

मी. हो. जाऊ द्या आता.

सोडली गाठ. रिंग सरांच्या हातावर ठेवली. म्हटलं, "सर, पोरीनं बसवलं होतं. मी काढलं. मी खळीची दोरी बसवली. नापास कराचं तं मले करा, तसीही मी कधी शाळेत गेली नाही." धोंडबा मागून ओरडला, "काहून हात लावला वं तू त्या मशीनले!" न रुचिका माझ्याकडे असी पाहे, रागावू का रडू... अन् शेवटी हसली पोरगी. नाक पुसत पुसत हसली. ते हसली म्हणून तं मले जास्तच रडू आलं.

अन् तेवढ्यात चपराशी बोंबलला, "सर! सर, हे पाहा!" टाकीच्या कोपऱ्यात, जिथं पाणबुडी बसली होती, ते सारं पांढरं पाणी एका जागी ओढलं जाऊन राहिलं होतं, जसा धूर खिडकीतून निघते. न सारे गप्पी मासे त्या भिंतीले तोंड लावून! गणपतराव वाकले, चष्मा पडता पडता राहिला. म्हणाले, "धम्मानंद सर, हेच तुमचं तीन वर्षांचं गळण!"

मंग काय, पाणबुडी काढली, सुकवली, रिंग बसवली. पोरीनं बसवली बरं, मी दहा हात दूर! जेवण झाल्यावर परत सोडली. सूऽऽ गेली, कोपऱ्यात थांबली, कॅमेऱ्यात बोटभर भेग दाखवली, न परत आली. सरांनी पास केलं, न भर काठावर म्हणाले, "बेटा, मी तुले खोटी म्हटलं, चूक झाली." गणपतरावांनी तिथंच सांगितलं, "पोरी, पहिल्या तारखेपासून ये."

आता रुचिका गाडीत बसून जाते, साऱ्या नागपूरच्या टाक्या पाहाले, आमच्या घराले चांगले दिवस आले. पण माझं काय झालं ते ऐका! त्या कॉलेजात आता गळण शोधाचं असलं की पोरं पाण्यात पिठाची पेज सोडतात. न त्याले नाव काय ठेवलं त्यायनं? परवा रुचिका सांगत आली, सर नव्या पोरांले ओरडत होते म्हणे, "अरे, आधी टाकीत तुळसाबाई सोडली का?"

सोडा बाप्पा... इतक्या वेळा बुडाली तुळसाबाई, अजून एकदा बुडेन!