दोन बाटल्यांची वाटणी

जबाब देणारी: वय ४३, धंदा गाड्यांच्या सीटची कव्हरं शिवणे, राहणार दुकानाच्या वरच्या खोल्यांत. नाव व घरनंबर वेगळ्या कागदावर घेतला आहे.

मी आज स्वतः पोलीस ठाण्यात हजर राहून, विचारल्यावरून सांगते की, मी, माझे पती आणि पतीची धाकटी बहीण असे एकत्र राहतो. नणंद अविवाहित असून मुलींना पोहायला शिकवत असे. काही काळापासून तिच्या हातापायांतली ताकद जाऊ लागली. स्नायू झिजण्याचा आजार आहे आणि त्यावर अजून औषध नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. तिचं माझं विळ्याभोपळ्याचं सख्य आहे. गल्लीत कोणालाही विचारावं, मी लपवत नाही.

मोठ्या इस्पितळात नव्या औषधाची चाचणी सुरू झाली तेव्हा नणंदेनं त्यात भाग घेतला. तिथल्या डॉक्टरबाईंनी समोर बसवून समजावलं की, निम्म्या रुग्णांना खरं औषध मिळेल आणि निम्म्यांना तसंच दिसणारं खोटं. कोणाला काय मिळालं ते रुग्णाला कळणार नाही आणि देणाऱ्या डॉक्टरांनाही नाही. ते बंद लिफाफ्यात राहील. नणंदेनं सही केली. माझ्या मनात तेव्हाच पाल चुकचुकली. देणाऱ्यालाच माहीत नाही, हे मला पटलं नाही. पुढे दर महिन्याला बाई कॅप्सूलची बाटली देत, तेव्हा मी त्यांच्या चेहऱ्याकडे टक लावून बघत असे. चेहऱ्यावरून काहीच कळेना, म्हणून संशय आणखी वाढला.

माझ्याविरुद्ध ज्यानं तक्रार दिली त्या फिर्यादीचे वडील, म्हणजे आमचे ड्रायव्हरकाका, तिथेच भेटले. ते बस चालवत, आता निवृत्त आहेत. आजार तोच, चाचणीही तीच. फिर्यादी त्यांना सोडून बाहेर गाडीत फोनवर बोलत बसे. एकदा काकांनी थर्मासचं झाकण स्वतःच्या हातानं फिरवून उघडलं आणि सगळ्यांना चहा ओतला. आधीच्या खेपेला ते माझ्याकडून उघडून घेतलं होतं.   त्या दिवशी घरी आल्यावर नणंद म्हणाली, "काकांचं औषध खरं आहे, वहिनी. माझ्या बाटलीत नुसतं पीठ आहे."

मी तिची एक कॅप्सूल फोडून जिभेला लावली. कडू होती. पुढच्या खेपेला काकांची मागून घेतली. तीही तितकीच कडू. ज्यांनी खोटंसुद्धा कडू करून ठेवलं, ते आणखी काय काय करत असतील, असं माझ्या मनात आलं.

दोन्ही बाटल्या एकत्र करून निम्म्या-निम्म्या वाटून घ्याव्यात, ही कल्पना माझी. निम्मं तरी खरं हिच्या पोटात जाईल, एवढाच हिशेब होता. नणंद नको म्हणाली होती. "लोकांच्या ताटातलं ओढून मला जगवू नकोस," हे तिचे शब्द. काका माझ्या दुकानात येऊन बसले, तेव्हा मी त्यांना सरळ विचारलं. ते हसले. म्हणाले, "माझं खरं असेल तर पोरीला अर्धं मिळेल. खोटं असेल तर माझं काय जातंय? रिकाम्या गाडीत एकट्यानं बसायची मला सवय नाही." मुलाला विचारा, असं मी म्हटलं. ते म्हणाले, "त्याला कशाला? गाडी मी चालवतोय ना!" मी बटणांचा डबा रिकामा करून त्यात दोन्ही बाटल्या ओतल्या, हलवल्या आणि वाटणी केली. नंतर प्रत्येक खेपेला तसंच केलं. मी काकांना फसवलं, हे फिर्यादीचं म्हणणं खोटं आहे.

त्यानंतर काकांची पकड पुन्हा सैल झाली. ते जिन्यावरून पडले आणि आता वॉर्डात आहेत. वाटणीचं त्यांनी स्वतःच डॉक्टरबाईंना सांगितलं. तिथून फिर्यादीला कळलं.

आज डॉक्टरबाई इथे आल्या होत्या. त्या माझ्यावर ओरडल्या नाहीत. म्हणाल्या, "काकांचा हात आजारानं उतरला की अर्ध्या औषधानं, हे आता कोणालाच कळणार नाही. मलाही नाही आणि यांच्यानंतर जे आजारी पडतील त्यांनाही नाही." मी म्हटलं, "नंतरच्यांचं नंतर. ही आज मरतेय." त्यावर त्या म्हणाल्या, "मला रोज दोघंही दिसतात हो, आजचेही आणि नंतरचेही." त्यांचे डोळे भरून आले होते. ते नाटक असेल असं मला वाटलं. आता तसं वाटत नाही.

डॉक्टरबाईंनी आणलेले दोघांचे बंद लिफाफे साहेबांच्या टेबलावर आहेत. माझ्यासमोर उघडू का, असं साहेबांनी विचारलं. काकांचं खरं निघालं तर मी त्यांच्या तोंडचं अर्धं काढून घेतलं. नणंदेचं खरं निघालं तर घरच्या माणसाचं अर्धं मीच वाटून टाकलं. मला भीती वाटते. उघडू नका, असं मी सांगितलं. फिर्यादीनं उघडा असं सांगितलं आहे, आणि तो त्याचा हक्क आहे.

हा जबाब चालू असताना नणंद बाहेर बाकाशेजारी तिच्या चाकाच्या खुर्चीत बसली आहे. दार उघडं आहे. ती हवालदारांना म्हणाली, "साहेबांना सांगा, माझं खरं निघालं तर वहिनीला दोन्ही खोटी होती असं सांगायचं. मला भांडायला ती धडधाकट लागते."

हे मी ऐकलं आहे, असं तिला कोणी सांगू नये.

वरील मजकूर मला वाचून दाखवला. शेवटचा भाग हळू आवाजात वाचावा अशी मी विनंती केली, त्याप्रमाणे तो हळू वाचला. माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे.