निळा मळ

हॅलो?… हो, मीच. बोल… नाही गं, झोपले नव्हते, गॅलरीत कपडे वाळत घालतेय. हळू बोलतेय कारण बरोबर खाली आमचे शास्त्रज्ञ बसलेत, तोंड पाडून… अगं भाऊजी. ताईचा नवरा. दुसरं कोण असणार?

काय केलं म्हणजे… बाबांच्या गाडीची वाट लावली. बॉनेटवर एवढा मोठा करडा डाग, ताटाएवढा. थांब, फोटोच पाठवते… जातोय. तोवर ऐक ना.

बाबा चार दिवस आत्याकडे गेलेत… हो, आजच येतायत, आत्ता, कधीही. आणि रविवारी जुन्या गाड्यांचा मेळा आहे. त्यात एक गट असतो, 'मूळ रंग' नावाचा. कारखान्यातून निघाल्यापासून एकदाही रंगवली नाही अशी गाडी. आख्ख्या शहरात बाबांची धरून तीन… तेच तर. दर रविवारी ती छोटी वॅक्सची डबी आणि बनियनचं पांढरं फडकं. आई म्हणते, माझ्या डोक्यावरून कधी इतक्या मायेने हात फिरवला नाही या माणसाने.

तर शास्त्रज्ञांना वाटलं, सासऱ्यांना चकित करू. कुठून तरी पॉलिशचं मशीन आणलं. हातमोजे, कपाळाला बॅटरी… हो, भर दुपारी. दात काढायला निघाल्यासारखे. त्याआधी भाषण. चमक म्हणजे काय, ती कुठून येते… नाही, हसले नाही, ताई शेजारी उभी होती.

मशीन फिरवलं आणि त्याचं स्पंजचं पॅड झालं निळं. म्हणाले, "बघा, किती मळ. तुमच्या बाबांना इतकी वर्षं नीट पुसताच आली नाही." …हो, हेच शब्द. अगं, गाडी निळी, मळ निळा. माणसाला शंका यावी की नाही? पण छे. पॅड धुवायचं, परत फिरवायचं, परत निळं. म्हणे मळ संपेपर्यंत थांबायचं नाही. बादलीतलं पाणी बघायला हवं होतंस, नुसती शाई.

मग संपला एकदाचा मळ. खालून करडं अस्तर वर आलं. आणि साहेब मला विचारतात, "हे काय आलं?"

…बोलावलं ना पेंटरला. त्याने बोट फिरवलं आणि मटकन खालीच बसला, हसत. म्हणाला, हल्लीच्या गाड्यांना रंगावर काचेसारखा एक थर असतो, मशीन त्याच्यावर फिरवायचं. हिला तो थरच नाही. वर आहे तो रंगच. फडकं जरा निळं दिसलं की हात उचलायचा… हो ना, म्हणून बाबांना पांढरंच फडकं लागतं. मला आपलं वाटायचं, नुसता हट्ट.

रंगवता येईल गं. पण मग मूळ रंग कसा म्हणायचा? गेला तो गेला.

मी? मी तिथेच होते. बादली बदलत होते… आला फोटो? हो, तोच डाग… दरवाजा? दरवाजाही आला का त्यात… हँडलखाली थोडासाच गेलाय. तळहाताएवढा… अगं, ते जाऊ दे, मी बॉनेटचं सांगत होते ना.

थांब. एक मिनिट. टॅक्सी थांबली… बाबा. बॅग खाली ठेवली नाही, सरळ गाडीकडे… लाइनवर राहा हं.

भाऊजी उठले. हात मागे बांधून उभे आहेत… बाबांनी बॉनेटवर हात ठेवला. डागावर नाही, बाजूला… नाही, ओरडत नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं… आता दरवाजाशी वाकलेत. विचारतायत, "आणि हे?"

…

"तेही मीच," म्हणाले भाऊजी.

…हॅलो? हो, आहे… काही नाही. अगं, दरवाजा त्यांनी नाही केला. ते जेवायला वर आले होते. मी म्हटलं, बघू तरी फिरवून… पॅड निळं झालं. हो… हो, मलाही मळच वाटला. जास्तच जोर लावला मी. वर बाबांच्याच फडक्याने पुसलं, ते निळं झालं. दोनदा धुतलं, जात नाहीये. इथे समोरच वाळतंय, दोरीवर.

आणि मघापासून मी त्यांना शास्त्रज्ञ, शास्त्रज्ञ…

नंतर कसं सांगू? नंतर म्हणजे कधी? बाबा फडकं शोधतायत बघ, गाडीतला ड्रॉवर उघडला… नाही, फोन ठेवते मी. ओलं आहे अजून, असू दे. तसंच घेऊन जाते खाली.