नावाच्या जागी

बायको: हात पुढे करा, बाहीचं बटण लोंबतंय. आणि आज उपासनेत देवाचं नाव गाळू नका.

नवरा: कोण म्हणतं गाळलं?

बायको: अहो, गीताच्या त्या ओळीला सगळी मंडळी गप्प होते, नाव तुम्ही एकट्यानं घ्यायचं, मग बाकीच्यांनी उचलायचं. तुमच्या आजोबांपासून हेच चालत आलंय. आपल्या बबडीला पुरल्यापासून तुम्ही तिथं नुसते उभे राहता. पेटीवाला बिचारा सूर धरून बसतो.

नवरा: गळा दाटतो.

बायको: ही थाप मंडळीला मारा. गळा दाटला की आधी तुमचं नाक वाहतं. तिथं तुमचे दात आवळलेले असतात.

नवरा: बरं, रागावलोय. झालं समाधान? आभाळाहून थोर नाव म्हणून जन्मभर बेंबीच्या देठापासून गायलो. त्या दुपारी दवाखान्याच्या व्हरांड्यात तेच नाव घेऊन ओरडत होतो. वॉचमन दटावून गेला, तरी ओरडत होतो. कुणी ओ दिली?

बायको: नाही.

नवरा: मग? ज्याला हाक ऐकू येत नाही, त्याची थोरवी मी कशाला गाऊ?

बायको: हलू नका, सुई टोचेल. ...तुम्हाला कधी सांगणार नव्हते.

नवरा: काय?

बायको: तुम्ही बाहेर ओरडत होता, तेव्हा आत मी तुम्हाला हाका मारत होते. बबडीही मारत होती. आधी ‘बाबा’. मग नुसतं ‘बा’.

नवरा: मला... मला काहीच ऐकू आलं नाही गं.

बायको: कसं येणार? मध्ये दार, आणि तुमचा आवाज केवढा.

नवरा: इतके दिवस बोलली का नाहीस?

बायको: रागावले होते. तुम्हाला हाक मारायला जीभ उचलत नव्हती. तरी रोज जेवायला बोलावलंच ना?

नवरा: (खाली बसत) रडत होती का ती?

बायको: नाही. दाराकडे बघत होती.

नवरा: आता कोणत्या तोंडानं गाऊ मी?

बायको: आहे त्याच. उठा, घंटा झाली. नाव घ्या, पण हळू घ्या. आतून कुणी हाक मारली तर ऐकू येईल, एवढंच.