पुस्तकातला खुनी

गुप्तहेराच्या सिनेमाचं माझ्यापुढं नाव काढू नका, बायांनो. महाडला तंबूत लागला, तेव्हा दिवसभर भात झोडून मी दासगावाहून चालत गेले. खुनी कोण ते बघायचंच होतं. तंबूत मधे कापड बांधलेलं. इकडे बायका, तिकडे पुरुष. सावकाराचा खून झाला आणि लगेच कापडापलीकडून आमचे हे ओरडले, "अगो, मुनीमानं मारलाय! मी पुस्तक वाचलंय!"

सगळा तंबू त्यांच्यावर खेकसला. म्हटलं, कळलं ना, मग डोळे कशाला ताणायचे? झोपले.

उठले तर बाया हसत होत्या. "तुझ्या नवऱ्याचा मुनीम निर्दोष निघाला गो!"

वाटेत ह्यांना विचारलं, "मग मारला कोणी?"

"मुनीमानंच. सिनेमावाल्यांना वाचता येत नाय."