एका दोरीवरचे वेल

मंजिरी: ...मग मी आईंना सांगून टाकलं, यशोने बागेत लावलाय तो औषधी वेल आहे. आता रोज विचारतात, त्याचा काढा कशावर देतात गं? काय सांगू त्यांना?

यशोधन: सांग झोपेवर देतात. ते काही खोटं नाही. शेजारच्या डेरेकची बायको ह्याच वेलाची, हॉप्सची, बोंडं उशीत भरायची. छान झोप लागते म्हणे.

मंजिरी: आणि तिचा नवरा तीच बोंडं घालून गॅरेजमध्ये पिंपभर बियर काढतो, तेही सांगू का? ऐन गणपतीत?

यशोधन: ते नको.

मंजिरी: जोगळेकरांचा मुलगा इंग्लंडात, मेडनहेडला, बियरची शेती करतो! आईंच्या भजनी मंडळाला महिनाभर पुरेल.

यशोधन: शेती कसली गं, एक वेल. एक खांब, एक दोरी. आणि अ‍ॅक्च्युअली तिथेच प्रॉब्लेम झालाय, म्हणून फोन केला.

मंजिरी: वाटलंच. नुसतं मोरया म्हणायला तू फोन करायचा नाहीस.

यशोधन: काल केला होता. कोणी उचलला नाही.

मंजिरी: काल प्रतिष्ठापना होती, यशो. घर माणसांनी भरलेलं. फोन कुठला ऐकू येतोय!

यशोधन: पूजेला कोण बसलं?

मंजिरी: दिया.

यशोधन: दिया?

मंजिरी: गुरुजी म्हणाले, वडील परदेशात असतात तर संजयकाकांना बसू दे. ही म्हणाली, मी बसते, मला सगळं येतं. बसली. तुझं उपरणं खांद्यावर घेतलं होतं, अर्धं जमिनीवर लोळत होतं. बरं, तुझा प्रॉब्लेम बोल. थोड्या वेळात आरती आहे.

यशोधन: बोंडं तयार झालीत. चुरगळली की आतून पिवळी पूड निघते, बोटांना चिकटते. डेरेक म्हणतो आजच काढ, उद्यापासून पाऊस आहे. भिजली की वास गेला.

मंजिरी: मग काढ. त्यात मला काय विचारायचं?

यशोधन: ती एकेक खुडत नाहीत. खांब उंच आहे, शिडी टेकवायला जागा नाही. खाली बुंध्यापाशी वेल कापायचा आणि दोरीसकट सगळा जमिनीवर उतरवायचा.

मंजिरी: कात्री सापडत नाहीये का? सिंकच्या वरच्या ड्रॉवरमध्ये असायची.

यशोधन: कात्री हातात आहे. पण त्याच दोरीवर तुझा वाल आहे.

मंजिरी: माझा वाल? तिकडे येणाऱ्या नीनाबरोबर बी पाठवलं होतं तो? मला वाटलं गोगलगायींनी कधीच फस्त केला असेल.

यशोधन: बाकीचे खाल्ले. एक रोप वाचलं. दुसरा खांब नव्हता, म्हणून ह्याच दोरीच्या पायथ्याशी लावलं. सगळा समर नुसती पानं. मी म्हटलं, जाऊ दे, हिरवं तर आहे. आणि आता ह्या आठवड्यात फुलं आलीत.

मंजिरी: काय सांगतोस! पांढरी?

यशोधन: पांढरी. शेंड्याला तुरा आलाय. पार वर, हॉप्सच्याही वर.

मंजिरी: अगं बाई. मेडनहेडला अलिबागचा वाल फुलला! माझ्या आईला सांगायला हवं. ती म्हणाली होती, त्या थंडीत कोंबसुद्धा फुटणार नाही.

यशोधन: म्हणून तर कात्री घेऊन केव्हाचा उभा आहे. दोरी खाली आली की वाल गेला. आणि दोरी ठेवली तर हॉप्स गेले.

मंजिरी: एवढं काय त्यात? हलक्या हाताने सोडव. वालाचा वेल मऊ असतो.

यशोधन: सुटत नाहीये. दोघं उलट्या दिशांनी चढलेत. हॉप्स घड्याळाच्या काट्यासारखा वळत जातो, वाल त्याच्या विरुद्ध. वीतभर गेलं की दोघांची गाठ. एक सोडवायला गेलो की दुसरा तुटतो.

मंजिरी: थांब. हॉप्स कसा वळतो?

यशोधन: घड्याळाच्या काट्यासारखा.

मंजिरी: मे महिन्यात मी तुला सांगितलं होतं, वालासारखाच चढव. माझ्या माहेरी सगळे वेल तसेच चढवतात. तू म्हणालास, चढवला.

यशोधन: चढवायचो ना. संध्याकाळी ऑफिसमधून आलो की तू सांगितलंस तसा चढवायचो. सकाळी बघावं तर सुटून खाली.

मंजिरी: आणि लगेच मला फोन. मंजू, परत सुटला गं, काय करू? मी इकडे पोळ्या लाटताना, दियाला जेवायला वाढताना तुला सांगतेय, घट्ट गुंडाळ, मऊ सुतळीने बांध, वाऱ्याकडे पाठ कर. अख्खा मे महिना! त्या डेरेकला विचारायचं नाहीस का?

यशोधन: त्याने सांगितलं होतं गं. गेल्या वर्षीच म्हणाला होता, हा सूर्याबरोबर फिरतो, ह्याला उलटा...

मंजिरी: गेल्या वर्षी?

यशोधन: म्हणजे...

मंजिरी: यशो, हा वेल तू यंदाच्या मार्चमध्ये लावलास ना? मला तसंच सांगितलंस.

यशोधन: गेल्या वर्षीच्या मार्चमध्ये. गेल्या वर्षी मूठभरच बोंडं आली. तिसऱ्या वर्षापासून खरं पीक धरतो म्हणतात.

मंजिरी: आईंचं खुब्याचं हाड मोडलं म्हणून गेल्या वर्षी जानेवारीत मी दियाला घेऊन पुण्याला आले. हीथ्रोवर तू म्हणालास, पुढे हो, मी वर्षभरात आलोच.

यशोधन: म्हणालो होतो.

मंजिरी: आणि दोन महिन्यांत तू तिसऱ्या वर्षी पीक देणारा वेल लावलास.

यशोधन: मी असा हिशोब करून नव्हता लावला. डेरेकची बायको गेली, तो बाग आवरत होता. मुळाचा एक तुकडा वर्तमानपत्रात गुंडाळून कुंपणावरून माझ्या हातात दिला. नाही कसं म्हणणार?

मंजिरी: कुंडीत लावलास?

यशोधन: वीतभरच तुकडा होता गं.

मंजिरी: मी विचारतेय, कुंडीत की जमिनीत?

यशोधन: जमिनीत.

मंजिरी: स्लाऊ, रेडिंग, मेडनहेड, आपण किती घरं बदलली. माझी तुळस कुंडीत, कढीपत्ता कुंडीत, पुदिनासुद्धा आइस्क्रीमच्या डब्यात. मला त्या मागच्या अंगणात गुलाब लावायचा होता. तू म्हणालास, भाड्याच्या घरात जमिनीत काही लावायचं नाही, जाताना जीव अडकतो. नियम कुणाचा होता तो?

यशोधन: माझा.

मंजिरी: घरमालक काही बोलला नाही?

यशोधन: त्याने विचारलं, म्हणजे तुम्ही अजून राहणार तर? मी यस म्हटलं. तोंडातून निघून गेलं.

मंजिरी: त्याला सांगितलंस. मला नाही सांगितलंस.

यशोधन: तुला सांगायचं म्हणजे आधी मला कळायला हवं होतं. खरंच सांगतो, मंजू. मला वाटत होतं व्हिसाची पाच वर्षं पूर्ण होतील, पर्मनंटचा शिक्का मिळेल, मग येईन.

मंजिरी: शिक्का मेमध्ये मिळाला. मी पेढे वाटले. आईंनी दाराला तोरण लावायला लावलं. आता सप्टेंबर आहे. प्रोजेक्ट आहे, मॅनेजर सोडत नाही, तिकिटं महाग आहेत, सगळं ऐकून घेतलं मी.

यशोधन: हं.

मंजिरी: आणि त्याच मे महिन्यात तू मला रोज विचारत होतास, वेल कसा चढवू. तुला तर गेल्या वर्षापासून ठाऊक होतं. मग मला का विचारायचास? गंमत करत होतास माझी?

यशोधन: नाही गं. बोलायला काही उरलं नव्हतं. फोन केला की तू आईची औषधं सांगायचीस, दियाचे मार्क सांगायचीस, मी हं हं करायचो. मग तू म्हणायचीस, अजून काय? माझ्याकडे अजून काही नसायचं. एकदा सहज विचारलं, वेल कसा चढवायचा, तर तू अर्धा तास बोललीस. अलिबागचं परस, तुझे आजोबा, वालाच्या शेंगा भाजायचं पोपटीचं मडकं. किती दिवसांनी हसलीस. मग मी रोज संध्याकाळी तो उलटा गुंडाळून ठेवायचो. सकाळी सुटला की तुला फोन करता यायचा.

मंजिरी: वेडा आहेस का रे तू?

यशोधन: असेन. ह्या घरात आवाज नसतो मंजू. बॉयलर सुरू झाला की बरं वाटतं. रविवारी डेरेककडे जातो, दोघं उकळत्या बियरच्या पातेल्याकडे बघत बसतो. तो त्याच्या बायकोचं बोलतो. मी ऐकतो. अर्धा ग्लास पितो, घरी येतो.

मंजिरी: आणि एवढी बोंडं वाळवणार कुठे? त्या घरात जागा कुठे आहे?

यशोधन: वरच्या छोट्या खोलीत.

मंजिरी: दियाच्या.

यशोधन: तिच्या पलंगावर चादर घालून. ती खोली कोरडी आहे. खेळणी मी हलवली नाहीत, तशीच आहेत.

मंजिरी: तिने परवाच विचारलं, बाबाकडे माझी खोली आहे ना अजून? मी म्हटलं, आहे.

यशोधन: आहेच. तुम्ही परत या ना, मंजू. खरंच या. शाळा तीच आहे, घर तेच आहे.

मंजिरी: आणि आईंना काय करू? कुंडीत लावून आणू? वॉकर धरून बाथरूमपर्यंत जातात त्या, तेही मी शेजारी असले तर. तुझी आई आहे यशो. माझी नव्हे.

यशोधन: माहीत आहे.

मंजिरी: दिया आता झोपेतसुद्धा मराठी बोलते. तिला पुन्हा उपटू?

यशोधन: नको.

मंजिरी: मग तू ये. नोकरी सोड, ये. इथे काय नोकऱ्या नाहीत? हिंजवडीला तुझ्या बॅचचे निम्मे लोक आहेत.

यशोधन: गेल्या दिवाळीत आलो होतो ना. मला कुणी काही वाईट नाही बोललं. पण तू मला पाहुण्यांच्या कपात चहा दिलास. दियाने कपाटातून नवा टॉवेल काढून दिला. आई रोज विचारायची, परत कधीचं विमान आहे? तिथे सगळं तुमचं तुमचं नीट चाललंय. मी सोफ्यावर बसलो की कुणाची तरी जागा जायची.

मंजिरी: पाहुण्यांच्या कपात दिला, कारण तुझा कप तू तिकडे नेलास. निळा. मी रॅकमध्ये शोधला होता.

यशोधन: आत्ता खिडकीत आहे.

मंजिरी: असू दे.

(पुण्याकडून झांजांचा आवाज येऊ लागतो. तो वाढत जातो.)

यशोधन: आहेस ना?

मंजिरी: आहे. रडत नाहीये, घाबरू नकोस. धूप डोळ्यात गेला.

यशोधन: जा, आरतीला थांबले असतील.

मंजिरी: थांबू देत. यशो, एकदाच विचारते. आणि मला वेलाचं काही सांगू नकोस, डेरेकचं नाही, प्रोजेक्टचं नाही. तू येणार आहेस?

यशोधन: मला यावंसं वाटतं.

मंजिरी: ते मी विचारलं नाही.

यशोधन: नाही वाटत मला, मी येईन असं.

मंजिरी: हं.

यशोधन: मंजू...

मंजिरी: नको. बरं झालं बोललास. दोन वर्षं मी दाराकडे कान लावून बसलेय. फार दमायला होतं रे. तुला एकट्यालाच करमत नाही असं वाटलं का तुला? रात्री आईंचे पाय चेपून झाले की मी पण स्वयंपाकघरातल्या दिव्याखाली नुसती बसते.

यशोधन: तू कधी बोलली नाहीस.

मंजिरी: तू वेलाचं विचारायचास ना. मला तेवढंच बरं वाटायचं.

यशोधन: सॉरी.

मंजिरी: आईंना मीच सांगेन. आज नाही, विसर्जन झालं की. दियाला मात्र तू सांगायचंस. फोनवर नाही. इथे येऊन, तिच्यासमोर बसून.

यशोधन: येईन. तेवढ्यासाठी नक्की येईन.

मंजिरी: बघू. वालाची फुलं किती दिवसांची आहेत?

यशोधन: चार-पाच दिवस झाले.

मंजिरी: म्हणजे शेंग धरून दाणा भरायला अजून दीड-दोन महिने. तिकडे तोवर दव गोठतं. मी चार हिवाळे काढलेत तिथे.

यशोधन: काही झाकता येईल का? डेरेककडे प्लास्टिकचा...

मंजिरी: नाही धरायची शेंग, यशो. त्याची चूक नाही, तुझीही नाही. त्याला ऊन पुरलं नाही. वालाला थांबू नकोस. उतरव तुझा वेल.

यशोधन: आणि फुलं?

मंजिरी: खिडकीतला गणपती आहे ना तिथे? की तोही हलवलास?

यशोधन: आहे. तू ठेवलास तिथेच.

मंजिरी: मग त्याला वाहा. पाण्याने धुऊन घे आधी, हाताला त्या बोंडांचा वास असेल.

यशोधन: मंजू, आत्ता ठेवू नकोस. कापेपर्यंत लाइनवर राहा. स्पीकर बिघडलाय, पण मी फोन मानेत धरतो. मी लगेच कापतो.

मंजिरी: मानेत धरून कसं करशील? एक कापायचा, दुसरा सांभाळून खाली घ्यायचा. दोन्ही हात लागतील तुला. ठेव आता फोन.